अनुभवाची फी कोण भरतो?

ऑक्टोबर २०२० मध्ये धाराशिव जिल्ह्यात परतीच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात घातले. पीकविमा भरलेला होता, त्यामुळे निदान तेवढा आधार मिळेल असे शेतकऱ्यांना वाटत होते. पण योजनेत एक अट होती. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचे. ज्यांनी तसे कळवले नाही अशा साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना कंपनीने भरपाई नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, तरी त्यानंतरही पैशासाठीचा लढा संपला नाही.

शेतात गुडघाभर पाणी, वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही, वर कोरोनाचे निर्बंध. अशा वेळी ही अट शेतकऱ्याच्या गळ्यात बांधणे अन्यायाचेच होते. ती लढाई योग्य होती. पण या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोललो नाही. त्या वर्षी टाळेबंदीमुळे पुण्या-मुंबईहून परतलेली शिकलेली मुले गावोगावी होती. बीए, बीकॉम, बीएस्सी झालेली, अभियांत्रिकीची पदविका घेतलेली, हातात स्मार्टफोन असलेली मुले. विम्याची पावती घरातच कुठेतरी डब्यात होती. तिच्या मागची योजना वाचावी, तीत मुदत असते, मुदतीत कळवल्याचा पुरावा ठेवावा लागतो, हे त्यांतल्या बहुतेकांना कुणी शिकवलेलेच नव्हते. पंधरा-सोळा वर्षे शिक्षणात घालवलेल्या मुलाला घरातल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाचे काय करायचे ते ठाऊक नसेल, तर दोष त्या मुलाचा मानता येत नाही.

हे का शिकवत नाही असे महाविद्यालयात विचारले की ठरलेले उत्तर मिळते: ‘ते पुढे अनुभवाने येतं.’ हे वाक्य मला फार महाग वाटते. अनुभव फुकट मिळत नाही, त्याची फी असते, आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. वकील, बँक कर्मचारी किंवा प्राध्यापकाच्या घरातला मुलगा जेवता जेवता नियुक्तीपत्र, प्राप्तिकर, भाडेकरार हे शब्द ऐकत वाढतो. कुठे सही करू नये हे त्याला कुणी धडा म्हणून शिकवत नाही, पण त्याला ते कळलेले असते. लोहारा किंवा भूम तालुक्यातल्या कोरडवाहू घरातल्या पहिल्या पदवीधराचे तसे नसते. त्याच्या बापाला जमिनीची, जनावरांची, पावसाची जाण कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त असते, पण नियुक्तीपत्र त्या घराने कधी पाहिलेलेच नसते. म्हणून त्याला प्रत्येक गोष्ट चुकून शिकावी लागते. सुस्थित घरातल्या मुलाची चूक बापाच्या बचतीत जिरते. चार एकरवाल्याच्या मुलाची चूक थेट जमिनीवर येते.

व्यवहाराचे शिक्षण वर्गाबाहेर ठेवणे म्हणजे ज्याच्या घरी ते आहे त्याला पुढे काढणे आणि ज्याच्या घरी ते नाही त्याला आयुष्यभर मागे ठेवणे होय. नीती आयोगाने २०१८ मध्ये ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेले, ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी धाराशिव एक आहे. अशा जिल्ह्यात हा प्रश्न सामाजिक न्यायाचा आहे.

ही मागणी नवीन नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते नेमके सांगितले होते: मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता येणे, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्य आणि नीती. वरच्या वर्गांतले शिक्षण कारकून आणि मास्तर तयार करायला पुरेसे असले तरी विद्यार्थ्याला पुढच्या व्यवहारी आयुष्यासाठी तयार करत नाही, ही त्यांची तक्रार होती. मोडीचा आग्रह का, तर त्या काळी जमिनीचे आणि कर्जाचे कागद मोडीत लिहिले जात. ज्याला ते वाचता येत नव्हते त्याला वाचणारा सहज लुबाडत होता. आज मोडीच्या जागी नियम व अटी, ॲपमधला ‘मी सहमत आहे’चा चौकोन आणि शासन निर्णय आले आहेत. न वाचणाऱ्याची गत मात्र तीच आहे.

आता नेमके काय शिकवले जात नाही ते पाहू.

पहिली गोष्ट कागदाची. आपल्याकडच्या कुठल्याही पदवीधराची प्लॅस्टिकची फाईल उघडून पाहावी. दहावी-बारावीचे मार्कमेमो, टीसी, पदवीचे सहा सेमिस्टरचे मेमो, जातीचा दाखला, कधी जात पडताळणी, मुदत संपलेले नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एक, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरेच. ही तफावत त्याला पहिल्यांदा कळते ती भरतीच्या कागदपत्र पडताळणीच्या दिवशी, जेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. पदवीच्या पहिल्या वर्षी एका तासात ही सगळी नावे ताडून पाहता आली असती आणि तीन वर्षांत निवांत दुरुस्त करून घेता आली असती.

त्याहून मोठा धडा अर्जाचा आणि पोचेचा आहे. तहसीलला जायचे, ओळखीचा माणूस शोधायचा, ‘साहेब, माझं तेवढं करा की’ म्हणून हात जोडायचे आणि महिनाभर चकरा मारायच्या, ही रीत मुलगा बापाकडून शिकतो आणि पदवी मिळाल्यावरही तशीच चालवतो. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. अधिसूचित दाखल्यांना आणि सेवांना ठरलेली मुदत आहे. अर्जाला क्रमांकासह पोच मिळायला हवी. मुदतीत काम झाले नाही तर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोग असा रस्ता आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, त्याचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. राज्यशास्त्राच्या पेपरात ‘माहितीच्या अधिकाराचे महत्त्व’ यावर दहा गुणांचे उत्तर लिहिणाऱ्या किती मुलांनी असा एक तरी अर्ज स्वतः केलेला असतो? विनवणी सोडून पोच मागायला शिकला तर तरुण कचेरीत ताठ मानेने उभा राहतो. लोकशाहीचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

शासन निर्णय वाचण्याचेही असेच. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन होते. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा झाली. हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही, हे योजनेच्या आखणीतच होते. तरी मुदत संपल्यावर हजारो मुलांच्या पायाखालची वाळू सरकली, कारण ‘नोकरी लागली’ म्हणून घरात पेढे वाटले गेले होते. सरकारने या मुलांच्या पुढच्या वाटेचा विचार करायलाच हवा होता. पण हातात पडलेल्या आदेशात आपल्याला काय दिले आहे आणि काय दिलेले नाही हे पहिल्याच दिवशी वाचता आले असते, तर त्या अकरा महिन्यांत पुढची तयारी करता आली असती.

दुसरी गोष्ट पगाराची. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा इथल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले मोठ्या संख्येने पुण्याकडे जातात. चाकण, हिंजवडी, रांजणगाव. ‘तीन लाखांचं पॅकेज’ असा फोन घरी येतो आणि बाप मनातल्या मनात महिन्याला पंचवीस हजारांचा हिशेब करतो. पहिली पगाराची पावती हाती येते तेव्हा त्यावर एकवीस हजारांच्या आसपास आकडा असतो. कुणी फसवले असे वाटू लागते. हिशेब मात्र सरळ असतो. पंचवीस हजारांत मूळ वेतन १२,५०० धरले, तर भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा १२ टक्के वाटा, म्हणजे १,५०० रुपये, पॅकेजमध्ये आधीच मोजलेला असतो. उपदानाचे सहाशेच्या आसपास धरलेले असतात. मग मुलाच्या स्वतःच्या वाट्याचे १,५०० कापले जातात आणि व्यवसाय कराचे २०० जातात. यात एखादा भाग वर्षाअखेरच्या कामगिरीवर ठेवलेला असेल तर हाती आणखी कमी पडतात. हा हिशेब फळ्यावर मांडायला दहा मिनिटे पुरतात. तो मांडला नाही म्हणून मुलगा पंचवीस हजार गृहीत धरून मोटारसायकलचा हप्ता लावून बसतो.

भविष्यनिर्वाह निधीच्या या पैशाचे काय होते तेही सांगायला हवे. कंपनीच्या वाट्यातला मोठा भाग, वेतनाच्या ८.३३ टक्के, निवृत्तिवेतन योजनेत जातो आणि त्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी बदलताना जुने खाते त्याच यूएएन क्रमांकाला जोडून घेतले तर सेवा सलग धरली जाते. आपली मुले दर नोकरीला पैसे काढून मोकळी होतात आणि चाळिशीत आल्यावर हातात काहीच राहिले नाही म्हणून हळहळतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. पण ते मागायचे असते, त्यातला नोटीस कालावधी आणि बॉण्डची कलमे वाचायची असतात, आपण थेट कंपनीचे नोकर की कंत्राटदाराचे हे पाहायचे असते आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवून यायची नसतात, हे सांगणारे कुणीतरी हवे. खोली भाड्याने घेतानाही तेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. कॉट बेसिसवर अनामत देऊन राहणाऱ्या आणि निघताना ती गमावणाऱ्या मुलांना हे कलम कधी कळतच नाही.

तिसरी गोष्ट सहीची, आणि माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. गावात एखाद्याला पक्की नोकरी लागली की वर्षभरात कुणीतरी घरी येते. चुलता असतो, भावकीतला असतो, कधी जुना वर्गमित्र असतो. ‘तुझी सॅलरी स्लिप फक्त लागतीय, हप्ते मीच भरणारंय.’ नाही म्हटले तर माज आला म्हणतात. हो म्हटले तर जामीनपत्रावर सही होते. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे कर्जदाराच्या दारी आधी जावे असे बंधन बँकेवर नाही. ती थेट जामीनदाराकडे वळू शकते. सहकारी पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन पगारावर येऊ शकते. थकबाकीची नोंद जामीनदाराच्या पतअहवालातही उमटते. पाच वर्षांनी त्याला स्वतःच्या घरासाठी कर्ज हवे असते तेव्हा बँक नकार देते आणि मग कळते की, चुलत्याने विहिरीसाठी काढलेले कर्ज आपल्या नावावर बुडाले आहे.

जामीन राहूच नये असे मी म्हणत नाही. आपल्या भागात माणसे एकमेकांच्या आधारानेच तगली आहेत आणि तो आधार तोडून केवळ स्वतःपुरते जगायला शिकवणारे शिक्षण मला नको आहे. पण बुडाले तर आपण किती भरू शकतो याचा आकडा मनाशी ठरवून, घरच्यांना सांगून केलेली सही वेगळी आणि भिडेपोटी केलेली वेगळी. नाही कसे म्हणायचे, नाते राखून कसे म्हणायचे, दुसरी कोणती मदत देऊ करायची, हे शिकवता येते. ते शिकवायला प्रौढ, समंजस माणूस लागतो, एवढेच.

पैशाबद्दलच्या आणखी काही गोष्टी याच धड्यात येतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या किंवा मल्टिस्टेटमधल्या ठेवीला ते नसते. मराठवाड्यात अलीकडे काही मल्टिस्टेट पतसंस्थांची दारे बंद झाली तेव्हा जादा व्याजाच्या आशेने ठेवलेला लेकींच्या लग्नाचा आणि ऊसबिलाचा पैसा अडकला. दरमहा शेकडा पाचाने घेतलेले सावकाराचे पैसे म्हणजे वर्षाला साठ टक्के व्याज, हे गणित पदवीधर पोराने बापाला मांडून दाखवायला हवे. सावकारी नियमन कायदा २०१४ नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. सावकारीत बळकावलेल्या जमिनीसाठी पंधरा वर्षांच्या आतील व्यवहार असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. आणि अगदी ताजा धोका सांगायचा तर, ‘तुझं बँक खातं आठवडाभर वापरायला दे, दहा हजार देतो’ म्हणणाऱ्याला खाते दिले की सायबर चोरीचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. १९३० हा मदत क्रमांक फसवले गेलेल्यांसाठी आहे. खाते भाड्याने देणारा मात्र स्वतःच आरोपी होतो.

चौथी गोष्ट थांबण्याची. स्पर्धा परीक्षेची तयारी हे आपल्या जिल्ह्यातल्या शिकलेल्या घरांचे सर्वांत मोठे स्वप्न आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. ओळख नाही, वशिला नाही, भांडवल नाही, अशा मुलाला केवळ अभ्यासाच्या बळावर खुर्ची मिळवून देणारा तो एकच दरवाजा दिसतो. पण त्या दरवाजाची रुंदी कुणीतरी सांगायला हवी. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. खुल्या प्रवर्गाला अर्जाचे शुल्क हजार रुपये आणि राखीव प्रवर्गाला नऊशे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज होते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वाढली. ती सवलत म्हणून आली, पण पुण्यातल्या अभ्यासिकांत बसलेल्या कित्येकांसाठी तिने निर्णय पुढे ढकलण्याची सोय केली.

इथे शिकवायचे ते असे. तयारीला बसण्याआधीच, मन शांत असताना, घरच्यांसमोर बसून ठरवावे की किती वर्षे, किती पैसे आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे. दोन वेळा पूर्वपरीक्षा निघाली नाही तर काय, मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकले तर काय. सोबत दुसरे कोणते कौशल्य चालू ठेवायचे. हे आधी लिहून ठेवले नाही तर प्रत्येक निकालानंतर ‘आता एकदाच शेवटचं’ असे वाटते आणि त्यात तारुण्याची दहा वर्षे जातात. क्लासवाले थांबायला शिकवणार नाहीत, कारण त्यांचे उत्पन्न पुन्हा येणाऱ्यांवर चालते. यशस्वी उमेदवाराचा सत्कार करणारे महाविद्यालयही शिकवत नाही. ज्याने चार वर्षे तयारी केली, जमले नाही, आणि आता तो तुळजापुरात दुकान किंवा भूमच्या बाजूला खव्याचा धंदा नीट चालवतो, त्यालाही त्याच व्यासपीठावर बोलवायला हवे. परत फिरणे म्हणजे हरणे नव्हे, ही गोष्ट मुलांनी अशा माणसाच्या तोंडून ऐकली पाहिजे. अपयशाच्या ओझ्याखाली या राज्यात तरुण जीव गेले आहेत. तेव्हा हा धडा जीव वाचवणारा आहे.

पाचवी गोष्ट मुलींची आणि जमिनीची. आमच्या महाविद्यालयांत आता वर्ग मुलींनी भरलेले दिसतात. पदवी हातात पडते आणि लग्न ठरते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या बदलामुळे मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका हक्क आहे. महाराष्ट्राने हा बदल १९९४ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. तरी बाप गेल्यानंतर दशक्रियेच्या आसपास बहिणींना नोंदणी कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत चालू आहे. भावावर माया म्हणून हक्क सोडायचा की नाही हे तिने ठरवावे. पण आपण काय सोडतो आहोत हे एमए झालेल्या बाईला माहीतच नसावे, ही शिक्षणाची नामुष्की आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसनोंद वाचता येणे हा मुला-मुलींचा समान अभ्यास असावा. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. ती राहिली तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद होत नाही आणि हमीभावाच्या खरेदीत अडचण येते. घरातली पदवीधर लेक हे काम बांधावर उभी राहून करू शकते. आणि नोकरीला निघालेल्या मुलीला एवढे तरी माहीत हवे की, दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप जाणत्या प्राध्यापकांचा असतो. महाविद्यालय हे ज्ञानाचे ठिकाण आहे, तिथे फॉर्म भरायला शिकवणे म्हणजे त्याचा दर्जा घसरवणे. मी वाङ्मयाचा, इतिहासाचा, शुद्ध गणिताचा एकही तास कमी करायला सांगत नाही. उलट, या विषयांनीच व्यवहाराला अर्थ येतो. करार कायदा, टक्केवारी, राज्यघटना, मराठीतले अर्जलेखन, सगळे अभ्यासक्रमात आधीच आहे. फक्त त्याचा रोख परीक्षेच्या उत्तरपत्रिकेकडे आहे, तो विद्यार्थ्याच्या घराकडे वळवायचा आहे.

दुसरा आक्षेप: हे सगळे यूट्यूबवर मिळते. मिळते, पण त्याच पडद्यावर कर्जाची फसवी ॲप आणि घरबसल्या कमाईची आमिषेही मिळतात. त्यांत निवड करायला जी समज लागते तीच तर शिकवायची आहे. शिवाय मुलाला आधी प्रश्न पडावा लागतो. आपल्याला काय माहीत नाही हेच माहीत नसलेला माणूस शोधणार काय?

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. शिकवणार कोण? कित्येक महाविद्यालये तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालली आहेत. त्यांचे स्वतःचे मानधन महिनोन्महिने रखडते. हक्क कसा मागावा हे त्यांनी मुलांना सांगावे अशी अपेक्षा करताना त्यांचे हक्क आधी द्यायला हवेत. हे मान्य करूनही मी म्हणेन की, या धड्यांचे शिक्षक जिल्ह्यात आहेत, त्यांना फक्त वर्गात बोलावलेले नाही.

याचा पुरावा जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त केली. सास्तूर आणि परिसराने ते भोगले. पुनर्वसनात ज्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. त्यांतल्या अनेकींचे शिक्षण बेताचे होते, काही घराच्या उंबऱ्याबाहेर फारशा गेलेल्या नव्हत्या. त्या अनुदानाचा हप्ता कोणत्या टप्प्यावर मिळतो ते शिकल्या, सिमेंटचे प्रमाण आणि भिंतीची बांधणी शिकल्या, अभियंत्याला प्रश्न विचारायला लागल्या, पंचायत समितीत जाऊन ‘आमच्या गावची यादी दाखवा’ म्हणू लागल्या. पुढे त्याच वाटेने बचतगट उभे राहिले, बँकेचे व्यवहार बायकांच्या हाती आले, आणि दुष्काळात एकेक एकरावर घरच्या खाण्याची पिके घेण्याचा प्रयोग झाला. त्या कामाला २०१६ चा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामातूनच घडल्या आणि त्यांचे नाव देशाबाहेर पोचले.

या बायकांना कुणी व्याख्यान दिले नव्हते. खरे काम हातात दिले, चुकल्यावर शेजारी उभे राहिले आणि पुन्हा करायला लावले. व्यवहार असाच शिकवला जातो. ज्या जिल्ह्यात बेताच्या शिक्षणाच्या बायका हे शिकल्या, त्या जिल्ह्यात पदवीच्या मुलांना ते शिकवता येत नाही असे कुणी म्हणू नये.

त्यासाठी जागाही तयार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर तर कितीतरी वर्षांपासून आहे. आज यांतला बराच भाग फायली सजवण्यात जातो. दुकानदाराकडून शिक्का मारून आणलेले प्रमाणपत्र, एकमेकांचे उतरवलेले प्रकल्प, शिबिरात समारोपाचे फोटो. याच श्रेयांकांत खरे काम घालता येईल. तुळजापुरातल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या संकुलात क्षेत्रकार्य अभ्यासाचा भाग असते आणि विद्यार्थी गावांत जाऊन काम करतात. तेच तत्त्व धाराशिव, कळंब, परंड्याच्या साध्या बीएच्या वर्गाला लावायला कोण अडवते?

माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन वर्षांत स्वतःच्या घरातले एक अडलेले काम कायदेशीर मार्गाने तडीस न्यावे. कुणाची वारसनोंद राहिली असेल, कुणाच्या आजीचे निराधार अनुदान थांबले असेल, कुणाच्या भावाचा भविष्यनिर्वाह निधी जुन्या कंपनीत अडकला असेल. अर्ज, पोच, मुदत, अपील, निकाल, हे सगळे टप्पे त्याने वहीत नोंदवावेत आणि त्यावर त्याची तोंडी परीक्षा व्हावी. काम झाले नाही तरी चालेल, कुठे आणि का अडले हे त्याला सांगता आले पाहिजे. मार्गदर्शनाला निवृत्त मंडळ अधिकारी, बँकेतून निवृत्त झालेला शाखाधिकारी, तालुका न्यायालयातला वकील, चाकणला दहा वर्षे काम करून परतलेला कामगार आणि बचतगटाची अध्यक्ष यांना मानाने बोलवावे, त्यांना मानधन द्यावे. तिसऱ्या वर्षी खऱ्या नियुक्तीपत्राचा, जामीनपत्राचा, भाडेकराराचा आणि सातबाऱ्याचा नमुना समोर ठेवून ‘यात तुमची जबाबदारी काय, तुमचा हक्क काय, सही करण्याआधी काय विचाराल?’ एवढाच प्रश्न असावा.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही, मंत्रालयातून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही. प्राचार्य, दोन उत्साही प्राध्यापक आणि गावातली चार जाणती माणसे एकत्र आली तर येत्या जूनपासून सुरुवात होऊ शकते. पालकांनीही प्रवेश घेताना निकालाच्या टक्केवारीसोबत हे विचारावे की तुमच्याकडून बाहेर पडलेल्या मुलाला करार वाचता येतो का. एका महाविद्यालयाने हे तीन वर्षे नेटाने केले तर त्या तालुक्यात शेकडो घरे अशी असतील, जिथे कागद आला की वाचणारे कुणीतरी आहे, मुदत लक्षात ठेवणारे कुणीतरी आहे, आणि सही करण्याआधी थांबून प्रश्न विचारणारे कुणीतरी आहे. पदवीने निदान एवढे द्यायलाच हवे.